साहेब दौऱ्यावर आहेत

शरद ऋतू म्हटला की शहरी माणसाला पिवळी-तांबडी पानं दिसू लागतात. ही पानं त्यानं विदर्भात कधी पाहिलेली नसतात. मोबाइलच्या पडद्यावर आणि अमेरिकेतल्या भाच्याच्या फोटोंत मात्र पोटभर पाहिलेली असतात. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून निघालेली गाडी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात शिरली, की आतून कुणीतरी हमखास ओरडतं, "बघा, बघा, पानगळ सुरू झाली!" बाहेर सागाची झाडं उभी असतात आणि त्यांची पानं खरंच तपकिरी, जाळीदार झालेली असतात. गाडीतला एकमेव अहेरीकर पाहुण्यांना पुरेसं हरखू देतो आणि मग शांतपणे सांगतो, "अळीनं खाल्ली जी."

ही अळी शिरांना तोंड लावत नाही. दोन शिरांमधला हिरवा भाग तेवढा ती सफाईनं खरवडून खाते. असं एखादं पान उचलून उन्हात धरलं, तर मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांच्यामधल्या केसासारख्या बारीक उपशिरा, सगळा सांगाडा शाबूत दिसतो आणि भोकाभोकांतून पलीकडचं निळं आभाळ. साग याला फारसं मनावर घेत नाही. त्याची खरी पानगळ पुढे, थंडी सरत आल्यावर. सध्या तो शेंड्यावरची कागदी, फुगीर फळं वाळवण्यात गुंतलेला असतो. कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लालभडक होतो, हा इथल्या शाळकरी पोरांचा पिढीजात प्रयोग. पाहुण्यांपैकी एकजण तो करतोच आणि मग दिवसभर भेटेल त्याला "काही लागलं नाही, साग आहे" असा खुलासा करत फिरतो.

ही मंडळी नोव्हेंबरात येतात त्याला सरकारी कारण आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधले दिवस 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरे करायचे, असं महाराष्ट्र शासनानं २०२० मध्ये ठरवलं. चितमपल्ली स्वतः वनखात्यातले. उभी नोकरी जंगलात काढून त्यांनी मराठीला रानातले शेकडो शब्द दिले. एका अरण्यऋषीच्या आणि एका पक्षिमहर्षीच्या नावानं आठवडा काढायचा, तर तो निदान झाडाखाली काढावा, एवढं भान बहुतेकांना असतं. उरलेले सभागृहात पक्ष्यांची चित्रं पाहून चहा घेतात.

झाडाखाली जाणाऱ्यांसाठी आलापल्लीचं 'वनवैभव' ही हक्काची जागा. भामरागडच्या वाटेवरचा जेमतेम सहा हेक्टरांचा हा तुकडा १९५३ पासून राखून ठेवलेला आहे. इथं कुऱ्हाड चालत नाही. २०१४ साली तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरला. आतले काही साग इतके जुने आणि उंच आहेत की शेंडा पाहायला मान मागे टाकावी लागते आणि डोक्यावरची टोपी पडते. आसपासच्या जंगलातल्या सागाला मात्र बदलीचे आदेश केव्हाही येतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग गेला, तोही बल्लारपुरातून वाजतगाजत, शोभायात्रा काढून. असा निरोप समारंभ सगळ्यांच्या नशिबी नसतो.

फेरी सकाळी सहाला निघायची ठरते आणि साडेसातला निघते. तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं. शरदातलं ऊन म्हणजे सकाळी हवंहवंसं आणि दहा वाजता नकोसं. मंडळींत एक निवृत्त बँक मॅनेजर असतात, एक मोठ्या भिंगाचा कॅमेरावाला तरुण असतो, दोन शिक्षिका असतात आणि झाडाझाडांचे ठिपके छापलेली जॅकेटं बहुतेकांच्या अंगावर असतात. जंगलात माणूस दिसू नये म्हणून ही जॅकेटं. ती आपलं काम चोख करतात, माणूस दिसत नाही. नुसता ऐकू येतो. पुढे असतो एक वनमजूर. त्याला सगळे 'दादा' म्हणतात आणि तो सगळ्यांना 'साहेब' म्हणतो. त्याच्या पायात साधी चप्पल असते आणि तिचा आवाज होत नाही. बाकीच्यांच्या पायांत ट्रेकिंगचे बूट असतात आणि वाळलेल्या सागाच्या पानावर एक बूट पडला की पापड मोडल्याचा आवाज पार प्राणहिता नदीच्या काठापर्यंत जातो.

"काय काय दिसेल दादा?" मॅनेजर विचारतात.

"दिसलं ते दिसलं साहेब."

हे उत्तर त्यांना पटत नाही. त्यांनी यादी करून आणलेली असते, आणि यादीच्या सुरुवातीला महाराष्ट्र शासनानं रीतसर नेमलेले मानकरी असतात. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियल, राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, राज्यफूल ताम्हण. इथून पुढची फेरी म्हणजे सरकारी कचेरीत कामासाठी गेलेल्या माणसाची गोष्ट होते. पाटी आहे, खुर्ची आहे, खुर्चीवर टॉवेलही आहे. साहेब तेवढे नाहीत.

शेकरूचंच घ्या. ही तांबूस-काळपट, झुपकेदार शेपटीची मोठी खार भीमाशंकरमुळे राज्यभर ठाऊक झाली, पण तिची मध्य भारतातली शाखा याच गडचिरोलीच्या जंगलात राहते. राहते म्हणजे उंच झाडावर राहते. एका फांदीवरून दुसऱ्या झाडावर पाच-सहा मीटरांची उडी सहज घेते, त्यामुळे जमिनीवर यायची तिला गरज पडत नाही. शिवाय एकाच शेकरूची घरटी बरीच असतात. वनवैभवात फिरताना दादा एक घरटं दाखवतो, काटक्या-पानांचा मोठा गोल. कॅमेरावाला भिंग लावतो. मग दादा दुसरं दाखवतो. मग तिसरं. "यातल्या कोणत्यात आहे?" "ते त्यालाच माहीत साहेब." एका अधिकाऱ्याच्या नावावर इतकी निवासस्थानं आणि एकाही दारात तो नाही, हे पाहून मॅनेजरांना आपल्या नोकरीतले दिवस आठवतात. त्यातून शेकरू सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर कामाला बाहेर पडतो. मधली सगळी वेळ विश्रांतीची. साडेसातला निघालेल्या मंडळींची आणि त्याची वेळ जुळणं कठीणच.

हरियल तर याहून वस्ताद. हिरवट-पिवळा, पिवळ्या पायांचा हा पारवा वडा-पिंपळाची आणि उंबराची फळं खातो आणि त्याच झाडाच्या पानांत बसतो. बसला की संपलं. झाडावर पन्नास हरियल असू शकतात आणि खालून नुसतं झाड दिसू शकतं. तो जन्मात जमिनीला पाय लावत नाही, अशी लोकांची समजूत आहे. खरं म्हणजे पाणी प्यायला तो क्वचित उतरतो. पण ही समजूत पसरायला त्याचं वागणं पुरेसं आहे. मंडळी उंबराखाली उभी राहतात. वरून अर्धवट खाल्लेली उंबरं टपटप पडतात. म्हणजे साहेब आत आहेत, डबा खाताहेत, भेट मिळणार नाही.

ब्लू मॉरमॉनला २०१५ मध्ये हे पद मिळालं आणि स्वतःचं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. काळ्या मखमलीवर निळा शिडकावा असलेलं हे देखणं फुलपाखरू विदर्भातही दिसतं, पण त्याचं मुख्य ठाणं सह्याद्रीत. इकडची फेरी त्याच्या मर्जीवर. ताम्हणाचं झाड ओढ्याकाठी सापडतं. जांभळी फुलं मात्र उन्हाळ्यातली, नोव्हेंबरात फांद्यांना नुसती बोंडं. राज्याला आता स्वतःचा मासाही आहे, रुपेरी पापलेट, आणि कांदळवनाचं झाडही आहे, पांढरी चिप्पी. या दोघांचा अहेरी तालुक्यात कार्यभार नाही, हे मॅनेजरांच्या यादीतल्या 'शेरा' रकान्यात आधीच लिहिलेलं असतं. पद्धतशीर माणूस.

गंमत अशी की ज्याला महाराष्ट्रानं कोणतंही पद दिलेलं नाही, तो पक्षी विजेच्या तारेवर दिवसभर बसून असतो. नीळकंठ. बसलेला असताना तपकिरी, ओशाळवाणा, आणि उडाला की पंखांत दोन निळ्या रंगांचा असा काही भडका उडतो की शिक्षिका पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच एकाच वेळी गप्प होतात. दसऱ्याला याचं दर्शन शुभ मानतात. अहेरीत राजघराण्याचा दसरा मोठा, त्यामुळे इथं त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. हाच पक्षी प्राणहिता ओलांडून पलीकडे गेला की तेलंगणाचा राज्यपक्षी होतो, तिकडे त्याचं नाव पालपिट्टा. कर्नाटकानंही त्यालाच नेमलंय. चितळाचंही तेच. इकडे तो वाघाचं जेवण, तिकडे राज्यप्राणी. वांगेपल्लीच्या बाजूला नदीकाठच्या तारेवर बसलेला नीळकंठ एका किड्यामागे झेप घेतो, पाण्यावरून गिरकी घेऊन परत येतो आणि तेवढ्यात बढती घेऊन ती परतही करून टाकतो.

साहेब भेटत नसले तरी शिपाई जागेवर असतात. मंडळींनी पहिलं पाऊल टाकल्याबरोबर टिटवी उठते आणि सगळ्या जंगलाला वर्दी देते. तिचं ऐकून झाडावरचं वांदर खाकरतं. त्याचं ऐकून चितळ कान टवकारतात आणि शेपट्या वर करून नाहीसे होतात. वानरं आणि चितळं यांची ही जुनी भागीदारी. वानर वरून पाहतं आणि खाताना निम्मा पाला खाली टाकतं, चितळ तो खातं आणि वासानं धोका ओळखतं. या यंत्रणेला वाघ चुकवायला फार कष्ट पडतात. पंधरा माणसांना चुकवायला तिला खाकरणंही जास्तच होतं.

या सगळ्यात एक भामटाही असतो, भृंगराज. काळा कुळकुळीत, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे गोंडे. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो, शिकारी पक्ष्याचासुद्धा. आफ्रिकेच्या कालाहारीत त्याचा एक चुलतभाऊ खोटा इशारा देऊन दुसऱ्यांना पळवतो आणि त्यांनी टाकलेलं भक्ष्य उचलतो. त्याच्या खाण्याचा जवळपास चौथा हिस्सा अशा चोरीतून येतो, असं अभ्यासकांना आढळलं. वनवैभवातला भृंगराज एवढा निगरगट्ट आहे की नाही, हे बाजूला ठेवू. पण कॅमेरावाला तरुण ज्या शिक्र्याच्या आवाजामागे अर्धा तास काट्याकुट्यातून हिंडतो, तो शिक्रा शेवटी दोन गोंडे हलवत त्याच्या डोक्यावरून निघून जातो, इतकं खरं.

खरं काम जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत चालू असतं, आणि तिथं कुणी रजेवर नसतं.

वाटेवर आडवं जाळं असतं, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, उन्हात सोनेरी चमकणारं. मधोमध जायंट वुड स्पायडरची मादी, पाय सोडून नुसतं अंगच चार-पाच सेंटिमीटर. पावसाळा संपता संपता ही कोळीण पूर्ण वाढते, म्हणून शरदात जंगलवाटेनं सर्वांत पुढे चालण्याचा मान कुणालाच नको असतो. "तुम्ही व्हा पुढे", "छे, छे, तुम्ही ज्येष्ठ" असं करत रांग थांबते आणि शेवटी दादा हातातली काडी पुढे धरून चालू लागतो. जाळ्याच्या कडेला नीट पाहिलं की पाच-सहा मिलिमीटरचे दोन-तीन लालसर जीव बसलेले दिसतात. ते तिचे उमेदवार. ती जेवायला बसण्याची ते वाट पाहतात, कारण तोंडात घास असताना तिच्याकडून आपण खाल्ले जाण्याचा संभव कमी. कधी कधी नर तिच्या पाठीवर चढून रेशमाचे धागे अंथरतो, त्यानं ती जराशी शांत होते, असंही अभ्यासात दिसलंय. शिक्षिकांपैकी एक हे ऐकून म्हणतात, "एवढी समज आमच्याकडे कुणाला आहे?" मॅनेजर दुर्बीण आभाळाकडे वळवतात. अशाच सोनेरी कोळ्यांच्या धाग्यांपासून मादागास्करमध्ये एक वस्त्र विणलं गेलं, २००९ मध्ये ते न्यूयॉर्कला लोकांसमोर आलं. दहा लाखांहून जास्त कोळिणींचा धागा त्याला लागला. दादाच्या काडीवर रोज गुंडाळलं जाणारं रेशीम फुकट जातं, त्याची नोंद नाही.

पुढे एका झाडावर पानांचे गोळे लटकलेले. कुणीतरी आनंदानं "शेकरूचं घरटं!" म्हणून हात लावतं आणि लगेच हात झटकतं. लाल मुंग्या. त्यांचं घर बांधणं पाहण्यासारखं असतं, फक्त हात मागे बांधून पाहावं. मुंग्या एका पानाच्या काठावर रांगेनं उभ्या राहतात, दुसऱ्या पानाचा काठ जबड्यात धरतात आणि ओढतात. अंतर जास्त असेल तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात. पानं जुळली की आतून दुसरी तुकडी येते. तिच्या जबड्यात स्वतःच्याच अळ्या असतात. अळीला स्पर्शानं इशारा मिळाला की ती रेशीम सोडते, आणि मुंगी तिला या काठावरून त्या काठावर धोट्यासारखी फिरवत पानं शिवत जाते. अळीनं हे रेशीम खरं तर स्वतःच्या कोशासाठी साठवायचं, ते जातं सार्वजनिक बांधकामाला. बालकामगार प्रतिबंधक कायदा आलापल्लीच्या या भागात अजून पोचलेला नाही. माडिया माणसं या मुंग्यांची आंबट-तिखट चटणी करतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चव कशी, असं विचारल्यावर दादा म्हणतो, "मुंगीसारखीच लागते." त्याचा नाइलाज आहे, पाहुण्यांनी मुंगी कधी खाल्लेली नसते.

सगळ्यांत मोठी गर्दी जमते ती शेणाच्या एका पोवापाशी. तिथं एक शेणकिडा शेणाची गोळी वळून निघालेला असतो. मागचे पाय गोळीवर, डोकं खाली, उलटा चालत. मध्येच तो थांबतो, गोळीवर चढतो, स्वतःभोवती एक गिरकी घेतो, उतरतो आणि पुन्हा सरळ रेषेत ढकलू लागतो. ही गिरकी म्हणजे दिशा पाहणं. दिवसा सूर्य, रात्री चंद्र, आणि चंद्र नसला तर काही शेणकिडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात. शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेत या किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या घालून पाहिलं. आभाळ दिसेना, तशी ते भरकटले. नंतर त्यांना तारांगणातही नेलं. या शोधाला २०१३ चं इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. इकडे पंधरा माणसं, तीन मोबाइल नकाशे आणि एक होकायंत्र एवढ्या सामग्रीनिशी सहा हेक्टरांच्या जंगलात गाडी कोणत्या बाजूला उभी केली, यावर वाद घालत असतात. रेंज नसते. शेणकिडा त्यांच्या बुटांना वळसा घालून निघून जातो.

दुपारी डबे उघडले की कुणीतरी ताडोब्याची आठवण काढतं. तिथं गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडतं आणि वाघांनाही नावं मिळत आलीत, माया म्हणा, मटकासूर म्हणा. वाघीण पिल्लांसह जिप्सीसमोरून जाते आणि लोक तिचं वंशावळीसकट वर्णन करतात. अहेरीत असं काही नाही. इथला सर्वांत मातब्बर रहिवासी आहे कोलामार्काची रानम्हैस, तिच्यासाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र केलं आणि पुढे त्याचं अभयारण्य झालं. मध्य भारतातल्या अस्सल रानम्हशी आता मोजक्याच उरल्यात, म्हणून हे मोलाचं. पण ती दूर सिरोंचा वनविभागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून राहते आणि सीमेपलीकडेही तिची ये-जा असते. भेटीची वेळ मागायची तर दोन राज्यांची.

मग मंडळी कमलापूरला जातात, कारण तिथं भेट पक्की असते. कमलापूरचे हत्ती खऱ्या अर्थानं सरकारी नोकर. लाकडाचे ओंडके ओढायला ते वनखात्यानं आणले. पुढे यंत्रं आली, ओढण्याचं काम गेलं, हत्ती राहिले. त्यांच्या दिमतीला माहुतांखेरीज 'चाराकटर' नावाचं खास पद आहे, कामही नावाप्रमाणेच. बसंती, मंगला, रूपा, अजित अशी नावं. पाण्यात उतरतात, सोंडेनं अंगावर चिखल उडवतात आणि फोटोला उभे राहतात. सकाळपासून कोऱ्या राहिलेल्या यादीत मॅनेजर पहिल्यांदाच 'प्रत्यक्ष' या रकान्यात खूण करतात. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेले रानटी हत्तीही जिल्ह्याच्या उत्तर भागात फिरताहेत. त्यांना धानाच्या बांध्या फार आवडतात, त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्याला हत्ती पाहायला तिकीट काढावं लागत नाही, तो उलट ते परत जावेत म्हणून रात्र जागवतो. आणि ही जागवलेली रात्र काही विनोदी नसते.

निघताना मॅनेजर माहुताला विचारतात, "जानेवारीत नातवंडांना घेऊन आलो तर?"

"जानेवारीत आधी फोन करून या साहेब. तवा चोपिंग असते."

दरवर्षी थंडीत हत्तींना काही दिवस वैद्यकीय रजा मिळते. तीसेक वनस्पती उकळून गरम काढा करतात आणि त्यानं त्यांचे पाय शेकून, चोपून काढतात. तळव्याच्या भेगा भरून येतात. या दिवसांत काम नाही, पर्यटक नाहीत, खाणं चांगलं. मॅनेजर वहीत 'रजा – जानेवारी' असं लिहितात आणि जाता जाता सहज चौकशी करतात, शेकरूच्या रजेचं काय?

"त्याचा अर्ज आमच्याकडं येत नाही जी," माहूत म्हणतो आणि बसंतीच्या पाठीवर पाण्याची बादली ओततो.